दोन मास्तरांच्या शाळेतल्या पाच प्रश्नावल्या

मृणाल, चार दिवसांपूर्वी विद्यापीठात आपल्या विभागात तुझी शोकसभा झाली आणि मी तिथेही जळले.

फोटोला हार होता, उदबत्ती होती, एम.एड.च्या दोन्ही वर्षांची पोरं-पोरी माना खाली घालून बसली होती. आणि मी, तुझी थोरली जाऊ, पहिल्या रांगेत बसून मोजत होते की तुझ्याबद्दल किती जण बोलायला उठतात. अकरा उठले. माझ्यासाठी किती उठले असते? चार धर. त्यातले दोन हजेरीसाठी. एका सरांनी तर सांगितलं की अशी विद्यार्थिनी विभागाला दहा वर्षांत मिळाली नाही. त्या दहा वर्षांत मीपण येते ना? तुझ्याच बाकावर, तुझ्या डाव्या हाताला बसत होते. मी डोळ्याला पदर लावला तो थोडा त्याच्यासाठीही होता.

मेलेल्या माणसावर कोणी जळत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांना जाऊ नसावी.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मध्येच माझा धीर सुटेल. येत्या सोमवारी लघुशोधप्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस आहे. माझा टाइप होऊन, बांधणी होऊन कपाटात पडला आहे. त्यात काय खोटं आहे ते जगात फक्त तुला ठाऊक होतं. आता कोणालाच नाही. जमा केला तर मी एम.एड. होते. म्हणून आज दुपारी माझी गार्गी शाळेत गेल्यावर तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. आणि हे मी शुद्ध भाषेतच लिहिणार आहे. तुला राग येईल म्हणून मुद्दाम.

आठव, सुरुवात कशी झाली. आपले सासरे, मामाजी, केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झाले आणि घरातच केंद्र चालवू लागले. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "घरात दोन बी.एड. सुना आहेत आन् दोघी वांगे निवडून राह्यल्या. एम.एड. करा दोघीनं. फॉर्म मी आणतो." मी सात वर्षं या घरात होते, मृणाल. सात वर्षांत मामाजींना माझं बी.एड. आठवलं नव्हतं. तू येऊन आठ महिने झाले आणि आठवलं. प्रवेश परीक्षेत तुझा नंबर वर लागला, मी शेवटच्या फेरीत कशीबशी आत सरकले. मामाजींनी केळझर गावभर सांगितलं, "लहानी बम हुशार आहे बाप्पा." कोणी मोठीचं विचारलं तर म्हणायचे, "मोठीचं बी झालं." बी झालं!

मग दोन वर्षं फाट्यावरून नागपूरची ती सकाळची गाडी. खिडकी तुझी, दोन्ही डबे माझ्या मांडीवर. शेजारची बाई विचारायची, "तुम्ही बहिनी बहिनी का वं?" तू म्हणायचीस, "हो." मी म्हणायचे, "जावा." तू हसायचीस, तुला वाटायचं मी गंमत करते.

पहिला सेमिनार आठवतो? मी उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "मले असं वाटते की..." मागच्या बाकावरून हसू आलं. सरही गालात हसले. पुढची पंधरा मिनिटं मी कागदातून मान वर काढली नाही.  त्या संध्याकाळी मी सांबार निवडत बसले होते, तर तू एक कोरी वही घेऊन समोर येऊन बसलीस.

"ताई, याला तुमच्या माहेरी सांबारच म्हणतात ना? कोथिंबीर नाही?"

"कोथिंबीर पुस्तकात राह्यते."

"आणि टोमॅटो?"

"भेदरं. काऊन वं? वर्ध्याची होऊन तुले भेदरं माहीत नाई?"

तू वर्ध्याच्या शाळेतल्या बाईंची मुलगी. तुझ्या घरी आई जेवतानाही शुद्ध बोलायची. माझं माहेर गिरडच्या पलीकडे, जिथे दर्ग्याची टेकडी दिसली की घर आलं म्हणायचं. मला मजा वाटली. चार महिने मी तुला शब्द दिले. कपाशीला पऱ्हाटी, बटाट्याला आलू, रागावताना काय, लाडात काय, पोरं एकमेकांना खेळताना काय म्हणतात. पोळ्या लाटता लाटता मी बोलायचे आणि तू लिहायचीस. या घरात पहिल्यांदा कोणीतरी माझं बोलणं लिहून घेत होतं. मी अगदी हरखून गेले होते, आज कबूल करते.

मग तू विषय मांडलास. पहिलीच्या मुलांची घरची बोली आणि वर्गातली प्रमाण भाषा. पोरगं घरी 'मले' म्हणतं, शाळेत त्याला 'मला' म्हण म्हणतात, आणि त्या धक्क्यात ते वर्षभर तोंडच उघडत नाही. सगळा विभाग टाळ्या वाजवत होता. आपल्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, असा विषय आपल्या मातीतूनच येतो. कोणाच्या मातीतून? मी 'मले' म्हटलं तर हसले होते तेच लोक, तू 'मले'वर बोललीस तर टाळ्या! मी पण वाजवल्या. हात भाजल्यासारखे झाले होते.

घरी येऊन मी भांडले. "माह्या तोंडातून काढून तू डिगरी घेऊन राह्यली." तू घाबरून म्हणालीस, "मग तुम्ही घ्या ना ताई हा विषय. मी दुसरा घेते." मनापासून म्हणत होतीस. तुझं हेच मला सहन व्हायचं नाही. चोरी करणारीने निदान चोरासारखं वागावं. मी हट्टाने प्राथमिक शिक्षकांच्या कामाच्या ताणाचा विषय घेतला. शंभर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून आणायची, सारण्या करायच्या, मोकळं व्हायचं.

आणि सारण्यांचं म्हणशील तर तेही तूच शिकवलंस, ते मी नाकारत नाही. प्रमाण विचलन माझ्या डोक्यात शिरेना. तू चुलीपाशी आलीस आणि म्हणालीस, "ताई, तुमच्या दहा भाकरी बघा, सगळ्या एका मापाच्या. माझ्या दहा बघा, एक बशी, एक परात. सरासरी दोघींची तीच येईल. पण माझं विचलन जास्त." मी हसून हसून पीठ सांडलं. पेपरमध्ये तो प्रश्न आला, मी लिहिला, आणि तू मामाजींना सांगितलंस की ताईंनी एकटीनं अभ्यास केला. मामाजींनी मान हलवली. त्या दिवशी तुझी दृष्ट काढावीशी वाटली होती, आणि लगेच वाटलं, हिला माझी बाजू घ्यायची गरज काय पडली? मी इतकी गरीब दिसते का?

मग तू शाळा फिरायला लागलीस. खांद्याला पिशवी, पायात ते निळे बूट. वर्ध्याला गाडी बदलून समुद्रपूर, तिथून गिरड, तिथून मिळेल ते. परत यायचीस तर तोंडभर गोष्टी. कोणत्या पोराने कानात काय सांगितलं, कोणत्या पोरीने चिंचा दिल्या. मामाजी, भाऊजी, गार्गी, सगळे तुझ्याभोवती. आणि तू फिरायचीस त्या दिवशी तुझ्या वाटणीचा स्वयंपाक कोण करायचं? हे कोणत्या प्रकरणात लिहिणार होतीस? माझ्या माहेराच्या गावांना तू माझ्याआधी जाऊन यायचीस आणि मलाच सांगायचीस की तिथलं पिंपळाचं झाड तोडलं.

माझ्या शंभरपैकी एक्केचाळीस प्रश्नावल्या खऱ्या आहेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाटल्या होत्या, तेवढ्या परत आल्या. उरलेल्या एकोणसाठ मी मागच्या पडवीत बसून भरल्या. दुपारी, भांडी झाल्यावर. चार रंगांचे पेन, एक शिसपेन्सिल. कुठे घाईत मारल्यासारखी खूण, कुठे खोडून पुन्हा. काहींवर चहाचा डाग पाडला, म्हणजे शाळेतून आल्यासारखी वाटावी. हसू नको. एवढी मेहनत मी अख्ख्या एम.एड.मध्ये दुसऱ्या कशावर घेतली नाही.

तू आपणहून सारण्या करायला बसली होतीस. रविवार होता. मी तूर पाखडत होते आणि तू ओसरीवर गठ्ठा शाळेप्रमाणे लावत होतीस. मध्येच थांबलीस.

"ताई, या शाळेतून पाच आल्या?"

"हाव. काऊन?"

"तिथं दोनच मास्तर आहेत. मी गेले होते ना. चौथीपर्यंतच उरली आहे शाळा आता. बावीस पोट्टे."

माझा हात सुपातच राहिला. ती माझी शाळा होती, मृणाल. मी शिकले ती. माझ्या वेळी सातवीपर्यंत होती आणि पाच मास्तर होते. भरताना मी एकेकाला आठवून भरलं होतं. मोठ्या गुरुजींची खूण जाड, गणिताच्या मास्तरांची तिरपी, बाईंची अगदी चौकटीच्या मध्यात. पाचही कधीच रिटायर झाले, दोघे तर वारले. शाळा एवढीशी झाली हे मला ठाऊक नव्हतं आणि तुला ठाऊक होतं. माझ्या शाळेचं. आणि वर 'पोट्टे' म्हणालीस, माझ्याकडूनच शिकून.

तू पुढे चाळत गेलीस. सतराव्या प्रश्नाशी अडलीस. 'माझ्या कामाचे श्रेय दुसऱ्याला मिळते.' नेहमी, कधी कधी, कधीच नाही. एकोणसाठ वेळा नेहमी. मला भरताना कळलंही नव्हतं. पुढे मॅडमना तर तो निष्कर्ष फार आवडला, यावर स्वतंत्र लेख होईल म्हणाल्या.

तू गठ्ठा खाली ठेवलास. हळूच म्हणालीस, "ताई, हे मास्तरांचं नाही. हे तुमचं आहे."

त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असेल तर विसर, आणि विसरली असशील तर मी कशाला सांगू. पण सांगते. मी म्हटलं, "तू या घरात आली नसती तं मीच इथं शहाणी होती. माही बोली नेली, मामाजीले नेलं, पोरीले नेलं, आता मले चोर बी ठरव." तू रडली नाहीस. म्हणालीस, "मी कोणाला सांगणार नाही ताई. पण तुम्ही मॅडमना सांगा. आपण दोघी जाऊ, पंधरा दिवसांत एकोणसाठ शिक्षक होतील. मी येते ना सोबत." मी म्हटलं, "उपकार नको तुहे."

सहा दिवस आपण फक्त मीठ-तिखटाचं बोललो. सातव्या दिवशी तुला ताप भरला.

डेंग्यू म्हणाले. पोळा तोंडावर आला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात तू माणसांना ओळखत होतीस तोवर मी समोर उभी राहिले नाही, डबा भाऊजींच्या हाती पाठवला. वाटलं, बरी होऊन घरी येईल, मग बघू कोण आधी बोलते. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. मी पहिल्यांदा ओरडले ते खरं होतं. पण त्याच्या मागोमाग एक विचार आला, इतका जवळ की पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवून आल्यासारखा. आता कोणालाच माहीत नाही. हे मी केलं, मृणाल. तू अजून आत होतीस आणि मी सुटले असं मला वाटलं. यासाठी मला कोणती भाषा वापरायची ते तूच सांग, तू बोलीवाली.

तेरवी झाली. गार्गी विचारते, "काकू कधी येते?" सातचा पाढा तू अर्धा शिकवून गेलीस. मी पुढे शिकवायला बसले तर म्हणते, तू नको, तुला जमत नाही. माझी पोर माझ्या तोंडावर! जिवंतपणी पोरगी वाटून घेतलीस, आता गेल्यावर पूर्णच नेशील असं दिसतं.

शोकसभेनंतर मॅडमनी मला थांबवलं आणि तुझी फाइल हातात दिली. शेवटचं प्रकरण राहिलं आहे. म्हणाल्या, "तुझी जाऊ, तुझी बोली. तूच पूर्ण करू शकतेस. विभागात तिच्या नावाने ठेवू." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन पहिल्यांदा काय शोधलं असेन? माझं नाव. ते कुठेच नाही. परिशिष्टात निवेदकांची, म्हणजे तुला बोली सांगणाऱ्यांची, यादी आहे. निवेदक क्रमांक एक: स्त्री, वय तेहतीस, बी.एड., माहेर समुद्रपूर तालुका. संशोधनाच्या त्या नियमाप्रमाणे नावं गाळलेली. आयुष्यात एक नंबर आला तो असा, तुझ्या पुस्तकात, बिननावाचा.

ऋणनिर्देशाचं पान हाताने लिहिलेलं आहे. मॅडम, मामाजी, भाऊजी, शाळांमधली मुलं, समुद्रपूरचा तो कंडक्टर जो तुझ्यासाठी गाडी थांबवायचा, सगळे आहेत. शेवटी लिहिलं आहे, 'माझ्या थोरल्या जाऊबाई' आणि पुढे काही नाही. अर्धं पान कोरं. पूर्णविरामही नाही. तू ते भांडणाआधी लिहिलंस की नंतर? कंडक्टरसाठी तुला वाक्य सुचलं आणि माझ्यासाठी सुचलं नाही? की इतकं होतं की कुठून सुरू करावं कळेना? दोन दिवस मी ते वाक्य पुरं करून बघते आहे. 'यांच्यामुळे' लिहिते, खोडते. 'यांनी मला' लिहिते, खोडते. मी तुला काय दिलं ते मलाच लिहिता येईना. मी तसंच सोडलं आहे. तिथे माझं अक्षर नको.

तुझं शेवटचं प्रकरण मात्र लिहून काढलं. तीन दुपारी लागल्या. तुझ्या वह्यांतली पोरं वाचली. एका पोरीने तुला सांगितलं होतं, बाई, मी मनातल्या मनात उत्तर देतो, ते बरोबर राह्यते, तोंडातून काढलं की चुकते. मी तिथे थांबले आणि रडले. तुझ्यासाठी की त्या पोरीसाठी की सेमिनारमधल्या माझ्यासाठी, कोण जाणे. चांगलं काम केलंस गं. माझ्याने झालं नसतं. हे वाक्य दोनदा खोडलं, मग राहू दिलं.

इथपर्यंत शुक्रवारी लिहून ठेवलं होतं. आज सोमवार आहे. नागपूरहून आत्ताच आले, पाय धुतले आणि बसले.

सकाळी दोन्ही फायली पिशवीत घातल्या. गाडीत तुझी खिडकी मिळाली. विभागात गेले, तुझी फाइल मॅडमच्या टेबलावर ठेवली, त्यांनी शेवटचं प्रकरण तिथेच चाळलं आणि म्हणाल्या, छान. मग माझ्यासाठी हात पुढे केला. मी माझी बांधलेली प्रत दिली आणि म्हटलं, "मॅडम, याच्यातल्या एकोणसाठ प्रश्नावल्या मी सोता भरल्या."

 त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "कल्पना, हे माझ्या लक्षात आलं नसतं."

"हाव."

"या सत्रात तुझं जमा होणार नाही मग. वर्ष जाईल. पुन्हा नाव नोंदवावं लागेल, शाळा फिराव्या लागतील. घरी काय सांगशील?"

"खरं सांगीन."

"कोणी काही बोललं का तुला? कोणाला कळलं होतं?"

"मृणालले माहीत होतं."

मॅडम थोड्या गोंधळल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण ती तर आता..."

"म्हणूनच सांगितलं मॅडम. ती असती तं नसतं सांगितलं."

त्यांना ते समजलं नाही. तुला समजेल. तू जिवंत असतीस तर मी ती प्रत छातीशी धरून बसले असते. तुझ्याशी वर्षभर बोलले नसते, खोट्यावर पास झाले असते आणि मामाजींच्या समोर पेढा खाल्ला असता, पण तू म्हणालीस तसं केलं नसतं. तुझ्यापुढं हरायचं नव्हतं मले. आज हरली. वर्ष गेलं, मामाजी ऐकतील तेव्हा चार दिवस तोंड फिरवतील, गावात मोठीचं राह्यलं म्हणून सांगतील. तू म्हणाली तसंच्या तसं केलं मी, मृणाल, आन् पाहाले तू नाई. एवढं पाहाले तरी राह्यची होती वं.